चौसष्ट किलोबाइट, मुक्काम माकणी

अण्णा,

तुम्ही जाऊन आज सव्वीस दिवस झाले आणि तुमचा शेवटचा पॅच, कोडमध्ये सुचवलेला बदल, अजून माझ्याकडंच पडून आहे. वर तुमचं नाव, खाली माझ्या संमतीची जागा मोकळी. आठवड्यापूर्वी आपल्या ईमेल-लिस्टच्या प्रमुख बाईंचं पत्र आलं. फार हळुवार लिहिलंय त्यांनी. तुमचा हा बदल श्रद्धांजली म्हणून कर्नलमध्ये घ्यावा आणि मेमरीच्या सुरुवातीच्या कोडचे राखणदार म्हणून जी दोन नावं लिहिलेली आहेत त्यातलं एक आता काढावं, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही कामं मी करायची, कारण उरलेलं नाव माझं आहे.

तुम्हाला असं लांबलचक मराठीत लिहायची वेळ कधी आलीच नाही. आपलं सगळं लिस्टवर इंग्रजीत नाहीतर फोनवर मराठीत. इंग्रजीत आपण एकमेकांशी फार सभ्य वागायचो. मराठीत तुम्ही 'नसीम' म्हणालात की मी समजायची, काम आहे. 'नसीमबाई' म्हणालात की भांडण. तुम्ही माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे, साखर कारखान्यात यंत्रांच्या काट्यांवर आयुष्य काढून घरी बसलेले, आणि मी पुण्यातली नोकरी घरून करते म्हणून कळंबला परत आलेली. तरी भांडताना आपण कधी वयाचा हिशेब ठेवला नाही. ते श्रेय तुमचं.

पहिले तीन महिने तर आपण एकमेकांना परदेशीच समजत होतो. हे अजून कुणाला सांगितलं तरी पटत नाही. लिस्टवर तुमची नुसती आद्याक्षरं, माझंही नुसतं आडनाव. जगभरातली पंचवीस-तीस माणसं मिळून एक लहानसा कर्नल, म्हणजे मशीनचा सगळ्यात आतला कारभार बघणारा प्रोग्रॅम, हौसेनं सांभाळतात. त्यात कोण कुठं बसलंय याची चौकशी कुणी करत नाही. तुम्ही माझ्या कोडला नावं ठेवायचा, मी तुमच्या. मग एके दिवशी तुम्ही मशीन सुरू होतानाचा लॉग, म्हणजे आपोआप उमटणारी नोंद, जोडून पाठवला आणि त्यात मशीनचं नाव होतं 'तेरणा'. मी तीनदा वाचलं. मग तुम्हाला वेगळं पत्र लिहून विचारलं की हे नदीचं नाव आहे का. तुमचं उत्तर आलं, रोमन लिपीत, पण मराठीत: नदी होती, आता दारात धरण आहे, तुम्ही कुठले? मी लिहिलं, कळंब. पाच मिनिटांत फोन.

"आवो, हितं कळंबात बसून तुमी माझ्या कोडला नावं ठेवताव व्हय? मला वाटलं कोण जर्मनीचा हाय!"

मी हसायला लागले तर म्हणालात, "आन् बाई हाईत की तुमी!"

त्या दिवसानंतर जिल्ह्यात आपण दोघं झालो. गंमत नाही करत. सगळ्या धाराशिव जिल्ह्यात हे काम समजणारी दोनच माणसं होती आणि दोघांमध्ये बसचे तीन टप्पे. तुम्ही पहिल्यांदा कळंबला आलात ते आठवतं. अब्बांच्या लोखंडी सामानाच्या दुकानात रंगाच्या डब्यावर बसून चहा घेतलात. अब्बांनी तुम्हाला विचारलं, ही पोरगी दिवसभर माडीवर बसून करते तरी काय. मला जे सहा वर्षांत सांगता आलं नव्हतं ते तुम्ही एका कपात सांगितलंत.

"भाईसाब, लग्नाची पंगत बसायच्या आधी कुणीतरी जागा बघतंय का न्हाय? मांडव केवढा, खांब कुठं, चूल कुठं. मशीन चालू झाली की तिला आपल्यात मेमरी किती हाय हेच ठाऊक नसतंय. बनवणाऱ्यानं यादी दिलेली असती, ती बी धड खरी नसती. ती यादी बघायची, खांबाची जागा सोडायची, राखायची ती राखायची, मग बाकीची पंगतीला मोकळी करायची. एवढंच करताव आमी दोघं."

"और पंगत बैठने के बाद?" अब्बांनी विचारलं.

"मग आमाला उठीवत्यात. आमचा कोड एकदा चालला की त्याची जागा पुसून ती बी पाहुण्याला."

अब्बा हसले. म्हणाले, "काम बडा, नाम कुछ नै." तुम्हाला ते इतकं आवडलं की पुढं प्रत्येक फोनच्या शेवटी तुम्ही तेच म्हणायचा.

आता लिस्टवर तुमच्यासाठी लोक लिहितायत. एकानं लिहिलंय की सुरुवातीचा कोड जसा आपलं काम झाल्यावर जागा सोडून जातो तसे तुम्ही गेलात. सगळ्यांनी त्याखाली हात जोडले. मला इतका राग आला की खुर्चीवरून उठून मी गॅलरीत गेले. अण्णा, तुमची जागा कुणाला दिलेली नाही. ती तशीच रिकामी पडलीय आणि तिथं कुणी बसेल अशी माझी काही खात्री नाही. सुंदर वाक्य सुचलं म्हणून माणसानं खोटं लिहू नये.

आपली काम करायची रीत लोकांना विचित्र वाटायची. ज्या टप्प्यावर आपलं काम, तिथं मशीनला अजून बोलताच येत नाही. काही बिघडलं तर ती सांगणार कशी? म्हणून आपण कोडमध्ये जागोजागी एकेक इंग्रजी अक्षर पेरायचो. पहिली पायरी पार पडली की ए, दुसरी पडली की बी. मी कळंबला बसून बदल करायची, तुम्ही माकणीला तुमच्या लहान बोर्डावर, त्या तळहाताएवढ्या उघड्या कॉम्प्युटरवर, तो चालवायचा आणि पडद्यावर उमटेल ते अक्षर मला फोनवर वाचून दाखवायचा. "ए... बी... सी... डी... ई..." मग तुमचा आवाज बंद. "थांबली गं. ई वरच थांबली." म्हणजे चूक ई आणि एफच्या मध्ये. दिवसात पन्नास वेळा हे चालायचं.

तुमच्या घरी काकूंना वाटायचं तुम्ही फोनवर कुणाच्या लेकराची शिकवणी घेताय. एकदा त्या मागून बोललेल्या मला ऐकू आल्या. "आवो, दोन वर्सं झाली. अजून त्या लेकराला जी सुदिक येईना का?" तुम्ही इतके हसलात की तुमच्या हातून बोर्डाची वायरच निघाली. मग ते सगळं पहिल्यापासून.

त्याच रीतीनं तुम्ही माझी सगळ्यात मोठी चूक शोधली होती. मी एका फंक्शनवर, म्हणजे एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यावर, 'फक्त सुरुवातीला लागणारं' अशी खूण केली होती. मशीन चालू झाली की त्याची जागा पुसली जायची. आणि दुसरीकडून कुणीतरी त्यालाच नंतर हाक मारत होतं. पाट मांडणाऱ्याला उठवून त्याच्या जागी पाहुणा बसवला आणि मग भलत्या माणसाला 'पाट आण' म्हणून ओरडलं, तसं. मशीन कधी बिघडायची, कधी नाही. लोकांच्या तक्रारी यायला लागल्या. मी जेवण सोडलं होतं. तुम्ही अकरा दिवस अक्षरं वाचत बसलात आणि बाराव्या दिवशी सापडली. दुरुस्तीच्या टिपणात चूक कुणाची ते लिहायची पद्धत आहे. तुम्ही लिहिलंत, 'ही चूक आमच्याकडून झाली.' आमच्याकडून. मी ते टिपण किती वेळा वाचलं हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

म्हणूनच मग जे झालं ते मला जास्त लागलं.

भांडण मेमरीच्या अगदी पहिल्या तुकड्यावरून होतं. चौसष्ट किलोबाइट. आजच्या मशीनमध्ये तेवढी जागा म्हणजे समुद्रातून एक तांब्या. आपल्या कोडमध्ये एक जुनी ओळ आहे, ती हा तुकडा कुणालाच देत नाही, बाजूला ठेवते. कुणी लिहिली माहीत नाही. शेजारी टीप एवढीच, की काही मशीन इथं लुडबुड करतात. म्हणजे मशीन बनवणाऱ्यानं आत घातलेला स्वतःचा प्रोग्रॅम, आपल्याला न विचारता, मधेच कधीतरी त्या जागेत येऊन काहीतरी लिहून जातो. तिथं आपण कुणाचं सामान ठेवलं असेल तर त्याचं वाटोळं.

तुमचं म्हणणं, ती ओळ काढा. कारण माहीत नसलेली गोष्ट कोडमध्ये ठेवू नये, मग कोड कोड राहत नाही, देवघर होतं. माझं म्हणणं, राहू द्या, कुणाच्या तरी मशीनला लागत असेल.

"कुणाच्या? नाव सांग. गाव सांग."

"मला माहीत नाही म्हणून ते नाहीच असं होतं का अण्णा?"

"नाव-गाव न्हाय त्याला राखीव जागा कशाला?"

इथवर ठीक होतं. फोनवर असतं तर मिटलं असतं. पण तुम्ही ते लिस्टवर लिहिलंत. ओळ काढायचा पॅच पाठवलात आणि खाली एक वाक्य जोडलंत, की माझी सहराखणदार एकदा दुधानं पोळलीय म्हणून आता ताकही फुंकून पितेय. म्हण इंग्रजीत धड बसत नव्हती, पण अर्थ सगळ्यांना पोचला. ज्या चुकीला तुम्ही 'आमची' म्हटलं होतं, तीच तुम्ही एका वाक्यात परत माझ्या पदरात घातलीत.

तुम्ही ते गमतीनं लिहिलं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

पॅचसोबत मला वेगळं पत्र होतं: 'नसीम, एकदा बघून घे. तू हो म्हटल्याशिवाय मी पुढं सरकवणार न्हाय. थांबतो.' मी उत्तर दिलं नाही. एक दिवस, दोन दिवस. मग वाटलं, थांबतो म्हणतायत तर थांबू दे. चौथ्या दिवशी तुमचा फोन आला, मी उचलला नाही. सहाव्या दिवशी आला, उचलला नाही. नवव्या दिवशी सकाळी लागोपाठ तीनदा आला. तिसऱ्यांदा मी चिडून उचलला आणि म्हणाले, "अण्णा, मला नाही बोलायचं."

पलीकडून काकू म्हणाल्या, "अण्णा गेले गं बाई."

पहाटे छातीत कळ आली आणि लोहाऱ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं, हे नंतर कळलं. तुमच्या फोनमध्ये शेवटचं नाव माझं होतं. त्यावरून त्यांनी लावला होता.

मी आले माकणीला. तुमच्या घरी मी चारदा आलेली, पण प्रत्येक वेळी सरळ तुमच्या खोलीत, टेबलाशी. त्या दिवशी अंगणात सगळं गाव होतं आणि मला कुठं बसावं कळेना. बायकांमध्ये जाऊन बसले. कारखान्यातले लोक कारखान्यातल्या आठवणी सांगत होते, भावकीतले भावकीतल्या. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमी कोण त्यांच्या?"

"आम्ही सोबत काम करायचो."

"कारखान्यात?"

"नाही. कॉम्प्युटरचं."

"हां. दुरुस्त करायचे व्हय ते. लई हुशार माणूस. माझा टीव्ही बी त्यांनीच केलता नीट."

मी मान हलवली. काय सांगणार होते? की तुमच्या हातचा कोड दूर देशात कुठल्या तरी हवामान मोजणाऱ्या पेटीत रोज सकाळी सगळ्यात आधी जागा होतो? तिथं असलेल्या एकाही माणसाला, काकू धरून, तुम्ही नेमकं काय करत होता ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी परकी होते. संध्याकाळी लवकर निघाले. धाराशिवला गाडी बदलताना सवयीनं फोन काढला, तुम्हाला सांगावं म्हणून, की आज तुमच्या गावात मला कुणी ओळखलं नाही.

तुम्ही गेल्यापासून मी दिवसभर कुणाशी बोलत नाही असं नाही. अब्बा आहेत, पुण्याच्या ऑफिसची मंडळी आहेत. पण दुपारी काहीतरी सापडतं, एखाद्या ओळीत वीस वर्षांपूर्वीच्या कुणाचा तरी बावळटपणा दिसतो, आणि तो दाखवायला माणूस नाही. अब्बांना एकदा सांगायला गेले. ते सगळं ऐकून म्हणाले, "अण्णा होते तो हसते." आणि दुकानात निघून गेले.

तर प्रमुख बाईंचं पत्र. मी 'हो' म्हणायचं ठरवलं होतं, अण्णा. खरं सांगते. मला तुम्ही बरोबर ठरायला हवे होतात. नऊ दिवस मी तुम्हाला तिष्ठत ठेवलं, त्याची भरपाई म्हणून मी हरायला तयार होते. माझ्या तिन्ही मशीनवर तुमचा पॅच चालवून बघितला होता, कुठंही काही बिघडलं नव्हतं. नाव-गाव मला सापडलं नव्हतं. संमतीच्या जागी नाव टाकायचं, बस. ते टाकणार तोच काकूंचा फोन.

"नसीम, यांच्या त्या लॅपटॉपला काय झालंय बघ की. नातीचे फोटो बघाया उघडलं तर पडद्यावर नुसत्या रेघाच रेघा. बटण दाबून बंद केलं, परत चालू केलं तर चांगलं. फोटो बघितले, झाकण लावलं. दुसऱ्या दिशी उघडलं तर परत तसंच. हे होते तवर असं कधी झालं न्हाय."

मी म्हणाले, येते. दुरुस्तीवाल्याकडं पाठवलं असतं तरी चाललं असतं. पण मला त्या खोलीत एकदा बसायचं होतं.

खोली काकूंनी झाडून पुसून ठेवली होती. बोर्ड एका ताटात, वायरी वेणीसारख्या गुंडाळलेल्या. खिडकीतून धरणाचं पाणी दिसत होतं. मी लॅपटॉप चालू केला. 'तेरणा' आलं पडद्यावर. तुमचाच कर्नल, तुमच्या पॅचसकट, ती ओळ काढलेला. उत्तम चालला. नातीचे फोटो दिसले, बाळाच्या डोक्याला तेल लावताना काकू हसतायत तोही दिसला.

"आता तर चांगलं चाललंय काकू."

"झाकण लाव की," काकू म्हणाल्या. "झाकण लावून उघड."

मी लावलं. मशीन झोपी गेली. उघडलं. रेघा.

पुन्हा लावून उघडलं, पुन्हा रेघा. मग विचारलं, "अण्णा झाकण लावायचे नाहीत का?"

"कधीच न्हाय. ऊब कोंडती म्हणायचे. लाइटीचा बी भरवसा न्हाय. रोज सगळं नीट बंद करायचं, वर टॉवेल टाकायचा, असं त्यांचं. मी झाकण लावते, धूळ बसती म्हणून."

मी तिथं तीन तास बसले. पहिल्या चौसष्ट किलोबाइटमध्ये सगळीकडं एकच अक्षर भरून ठेवलं, झाकण लावलं, उघडलं. अक्षरं तुडवलेली. पुन्हा भरलं, लावलं, उघडलं. पुन्हा तुडवलेली, त्याच जागी. झोपेतून उठताना त्या लॅपटॉपच्या आतला बनवणाऱ्याचा प्रोग्रॅम येऊन तिथं लिहून जात होता. तुम्ही वापरता ती मशीन, अण्णा. तुमच्या टेबलावरची. तिला तुम्ही सात वर्षांत एकदाही झोपू दिलं नाहीत, म्हणून तुम्हाला कधी दिसलं नाही.

मी ती जुनी ओळ परत घातली. झाकण लावलं, उघडलं. फोटो जसाच्या तसा. दहा वेळा केलं. काकू दारात उभ्या होत्या.

"झालं का नीट?"

"झालं. आता खुशाल झाकण लावा."

"मग अशी का बसलीस?"

"काकू, मी बरोबर होते."

एवढं म्हणाले आणि मला रडू फुटलं. हुंदके देऊन, लहान पोरीसारखं. माझं सगळं आयुष्य त्या वाक्यासाठी तुमच्याशी भांडण्यात गेल्यासारखं झालं होतं आणि ते म्हटलं कुणाजवळ, तर काकूंजवळ. त्या जवळ आल्या, पाठीवर हात फिरवत राहिल्या.

"बरोबर होतीस तर रडतीस कशापायी?"

मी डोळे पुसत राहिले. मग त्याच म्हणाल्या, "त्यान्ला सांगायचं होतं, व्हय ना?" मग आत गेल्या आणि माझ्यासाठी पिठलं टाकलं. निघताना त्यांनी विचारलं, पुढच्या महिन्यात येशील का. म्हणाल्या, त्या खोलीतून अक्षरं म्हणायचा आवाज येत नाही, दुपार सरत नाही. त्यांनाही तसं होतंय हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आज सकाळी मी लिस्टवर लिहिलं की मी हा पॅच घेत नाही. कारण लिहिलं. ज्या मशीनला ती जागा लागते तिचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, माकणी. कोडमधल्या जुन्या टिपेच्या जागीही आता तेच टाकायचं सुचवलंय. एकदोघांनी मला वेगळं पत्र पाठवून विचारलं की गेलेल्या माणसाचा शेवटचा बदल असा चारचौघांत नाकारायलाच हवा होता का. त्यांनी तुम्हाला ओळखलंच नव्हतं. तुमचा चुकीचा पॅच मी हार घालून कोडमध्ये बसवला असता तर तुम्ही मला जन्मात माफ केलं नसतं. श्रद्धांजली म्हणून मी ते कारण नीट, तुमच्यासारखं, एकेक पायरीनं लिहिलंय.

तुमचं नाव राखणदारांतून काढायचं मात्र अडलंय. आपल्या भागातला कुठलाही बदल एकानं केला तर दुसऱ्याची संमती लागते, हा नियम आपणच केला होता. मी तुमचं नाव काढायचा बदल पाठवला, तर संमतीसाठी तो तुमच्याकडं गेला. पडून आहे. प्रमुख बाईंना सांगितलं तर त्या मधे पडून काढतील. सांगेन. आज नाही.

आणि आता जे सांगायचं राहिलंय ते. नऊ दिवस मी तुम्हाला उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडं उत्तर नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगितलंय. काकूंनाही. ते खरं नाही, अण्णा. तुमचं पत्र आलं त्याच दुपारी मी उत्तर लिहून काढलं होतं. पाठवलं नाही. तुम्हाला जरा झुरू दे म्हणून ठेवलं. तुम्ही गेल्यावर मी ते लिहिलंच नव्हतं असं स्वतःला पटवत राहिले, संमती द्यायला निघाले तेव्हाही. माकणीहून आल्यावर पहिल्यांदा उघडून वाचलं. एका ओळीचं आहे, नुसत्या अंदाजानं विचारलेलं. तुम्ही ते वाचलं असतंत, लॅपटॉपवरचा टॉवेल बाजूला केला असतात, आणि दहा मिनिटांत मला शिव्या देत फोन केला असतात. मी उचलला असता. त्यात एवढंच आहे:

'अण्णा, एकदा झाकण लावून उघडून बघितलंत का?'